नवं क्रेडिट कार्ड काढलं की स्कोअर का पडतो?

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, ‘लवकर कार्ड काढ, क्रेडिट हिस्टरी तयार होऊ दे.’ दुसरा म्हणतो, ‘सारखी कार्डं काढू नकोस, स्कोअर पडतो.’ गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे. ते कसं, हे समजायला हा स्कोअर मुळात काय मोजतो ते पाहू.

इथे सर्वाधिक चालतो तो फायको स्कोअर, ३०० ते ८५० मधला एक आकडा. तुमचा पगार किंवा बँकेतली शिल्लक त्यात धरतच नाहीत. तो एकच अंदाज बांधतो: येत्या २४ महिन्यांत हा माणूस एखादी देणी ९० दिवस थकवेल का? आणि हा अंदाज बांधतो तुमच्या जुन्या नोंदींवरून.

इथेच आपली पंचाईत होते. ‘कुणाचं एक पैसा देणं नाही’ ही आपल्या घरात अभिमानाची गोष्ट. फायकोच्या लेखी मात्र असा माणूस चांगलाही नाही, वाईटही नाही. तो दिसतच नाही. स्कोअर निघायला किमान एक खातं सहा महिने जुनं लागतं. भारतातला सिबिलही इथे आपोआप लागू होत नाही.

आता नवं कार्ड. त्याने तीन गोष्टी हलतात.

पहिली, चौकशी. तुम्ही अर्ज केला की बँक तुमचा रिपोर्ट मागवते. याला हार्ड इन्क्वायरी म्हणतात. बहुतेकांचे यात पाचपेक्षा कमी गुण जातात. ही नोंद रिपोर्टवर दोन वर्षं राहते, पण फायको ती एकच वर्ष धरतो. थोड्या काळात बरेच अर्ज करणारे लोक पुढे पैसे थकवण्याची शक्यता जास्त दिसते, म्हणून गुण कापतात. स्वतःचा स्कोअर स्वतः पाहिला तर मात्र काहीच कापलं जात नाही.

दुसरी, खात्यांचं सरासरी वय. तुमचं एकच कार्ड चार वर्षं जुनं आहे आणि आज दुसरं काढलं, तर सरासरी एकदम दोन वर्षांवर येते. हिस्टरीच्या लांबीला साधारण १५ टक्के वजन आहे, त्यामुळे ज्यांची हिस्टरी मुळातच छोटी, त्यांना हा फटका जास्त जाणवतो.

तिसरी गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. समजा, कार्डाची मर्यादा १००० डॉलर आणि खर्च ६००. म्हणजे तुम्ही ६० टक्के मर्यादा वापरताय, हे जास्त झालं. २००० डॉलर मर्यादेचं दुसरं कार्ड आलं आणि खर्च तेवढाच ठेवला, तर वापर २० टक्क्यांवर येतो. किती उधारी वापरताय याला साधारण ३० टक्के वजन असल्यामुळे कित्येकदा चौकशीत गेलेले गुण इथे भरून निघतात. अट एकच: मर्यादा वाढली म्हणून खर्च वाढवायचा नाही.

मग कार्ड कधी काढायचं? घराचं किंवा गाडीचं कर्ज घ्यायचं असेल, तर आधीचे सहा महिने तरी नको. अशा कर्जांसाठी थोड्या दिवसांत चार ठिकाणी व्याजदर विचारला तर फायको त्या चौकशा एकच धरतो. कार्डांच्या अर्जांना ही सवलत नाही. अगदी नवे असाल, तर डिपॉझिट ठेवून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड बरं पडतं. आणि पहिलं कार्ड, त्याला वार्षिक फी नसेल तर, बंद करू नका. मर्यादा उगाच कमी होते.

बाकी सगळ्यात मोठं वजन, ३५ टक्के, वेळेवर पैसे भरण्याला आहे. नव्या कार्डाची चौकशी वर्षभरात हिशेबातून जाते. ३० दिवस उशिरा भरलेलं बिल रिपोर्टवर सात वर्षं राहतं. तेव्हा कार्ड हातात आलं की पहिल्याच दिवशी ऑटोपे लावा, आणि तेही किमान रकमेचं नाही, पूर्ण बिलाचं.