सदतिसाचा पाढा आणि बोरघाट

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की प्रवासी बटाटेवड्यांकडे धावतात. तेवढ्या वेळात अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडली जातात. ती कशाला, असे वर्गात विचारले तर कर्जत-खालापूरकडची मुले चटकन सांगतील, "घाट चढायला!" पण चढ किती? पुढे पळसदरीला फाटा फुटतो. एक मार्ग खालापूर तालुक्यातल्या खोपोलीला, घाटाच्या पायथ्याशी जाऊन थांबतो. दुसरा बोरघाट चढतो. १८६३ साली सुरू झालेल्या या घाटमार्गावरचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे जाते तेव्हा १ मीटर वर चढते.

मग ७ मीटर चढायला किती अंतर लागेल? इथे सदतिसाचा पाढा हवा, आणि आपले पाठांतर तर बहुधा तिसावर थांबते.

हाही पाढा घोकून घ्यावा असे मी म्हणणार नाही. घोकलेला पाढा साखळीसारखा असतो. मधली कडी निसटली की मूल पुन्हा 'एके'पासून सुरू करते. 'एकोणीस सक चौदोदरसे' असे सुरात म्हणणाऱ्याला तो आकडा लिहायला सांगून पहा. पुष्कळदा पेन्सिल अडते, कारण 'चौदोदरसे'मध्ये त्याला ११४ ऐकूच येत नाहीत. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी मुलांची साखळी तर दर वर्षी तुटते. ती परत आली की आपण त्यांना गणितात कच्ची ठरवतो. खरे तर त्यांना पाढ्यात मधूनच शिरता येईल अशी वाट आपण दाखवलेली नसते.

सदतिसात अशी वाट अगदी सोपी आहे. ३७ ची तिप्पट १११. म्हणून सहापट २२२ आणि नऊपट ३३३. या तीन खुंट्या एकदा पक्क्या रोवल्या की बाकीचे आकडे एका पावलावर आहेत. सातपट हवी? २२२ मध्ये ३७ मिळवा, २५९. आठपट हवी तर ३३३ मधून ३७ काढा, २९६. तेरापट म्हणजे ३७० आणि १११, एकूण ४८१. दोन महिन्यांनी वर्गात आलेल्या मुलालाही एवढे १११ आठवले तरी पुरते.

आता पाढा वापरून पाहू. कर्जत ते लोणावळा रेल्वेने २८ किलोमीटर. सगळा मार्ग ३७ ला १ असा चढला असता, तर गाडी किती वर गेली असती? २८,००० ला ३७ ने भागा. २८० मध्ये सातपट, २५९, उरले २१. २१० मध्ये पाचपट, १८५, उरले २५. २५० मध्ये सहापट, २२२. उत्तर ७५६ मीटर आणि वर थोडे. पण लोणावळा समुद्रसपाटीपासूनच सुमारे सव्वासहाशे मीटर उंच आहे! म्हणजे सगळी वाट इतकी तीव्र असणे शक्य नाही. नकाशा न पाहता, नुसत्या पाढ्याने हे कळले.

सरावासाठी आणखी एक गंमत. पाढ्यातला १८५ घ्या. पहिला अंक उचलून शेवटी ठेवा : ८५१. पुन्हा तसेच करा : ५१८. हे दोन्ही सदतिसाच्याच पटीत आहेत, तेवीसपट आणि चौदापट. कारण असे : १८५ ची दहापट १,८५०. त्यातून ९९९ वजा केले की ८५१ उरतात. ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. सदतिसाच्या पटीतून सदतिसाचीच पट वजा केली, तर उरते तीही सदतिसाचीच पट. मुलांना २५९ देऊन ५९२ आणि ९२५ तपासायला लावा. ते जमले की विचारा, ९९९ मध्ये २७ ही आहेत, तर सत्ताविसाच्या पाढ्यातल्या १३५ चे काय होईल?