साथीच्या काळात नियमित तपासणी : काय टाळावे, काय टाळू नये

वार्षिक अहवालात जमाखर्च आणि कार्याचा आढावा यांबरोबरच एक आरोग्यविषयक माहितीपर लेख देण्याची आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. यंदा निवडलेला विषय काही वाचकांना मागे पडलेला वाटेल. कोविड-१९ ची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. परंतु साथी येतच असतात. मुंबई इलाख्याने १८९६ पासून प्लेग पाहिला, १९१८ साली इन्फ्लुएंझा पाहिला, २००९ साली पुण्याने स्वाइन फ्लूची धास्ती अनुभवली. पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. ती आल्यावर नियमित उपचार घेणाऱ्या रुग्णांनी काय करावे, हे मात्र आजच शांतपणे ठरवून ठेवता येते.

आमची पाटी

या विषयाची सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करणे उचित होईल. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागू झाली, तेव्हा आम्ही रुग्णालयाच्या प्रवेशद्वारावर एक पाटी लावली : 'अत्यावश्यक कारणाशिवाय रुग्णालयात येऊ नये.' त्या वेळी ती योग्यच वाटली. गर्दी टाळायची होती, कर्मचाऱ्यांना जपायचे होते आणि खाटा मोकळ्या ठेवायच्या होत्या. अत्यावश्यक म्हणजे काय, हे मात्र पाटीवर लिहिलेले नव्हते. ते ठरविण्याचे काम आम्ही नकळत रुग्णावर सोपविले.

अनेक वर्षे आमच्या मधुमेह विभागात दरमहा येणारे एक शेतकरी गृहस्थ त्या उन्हाळ्यात प्रवेशद्वारापर्यंत आले आणि परत गेले. त्यानंतर ते थेट पावसाळा संपताना आले, तेव्हा उजव्या पायाची बोटे काळी पडली होती. पावलाचा पुढचा भाग काढावा लागला. इतके दिवस का आला नाहीत, असे विचारल्यावर ते म्हणाले, "पाटी वाचली, साहेब. म्हटलं, आपलं काय एवढं अत्यावश्यक? पायाला बारीक जखम तर होती." त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले.

देशभरात काय घडले

आमचा अनुभव एकट्याचा नव्हता. देशात २०१९ साली सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० साली ती सुमारे १८ लाखांवर आली. क्षयरोग एका वर्षात एवढा कमी झालेला नव्हता, तपासणीस येणारे कमी झाले होते. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत देशातील ४१ कर्करोग केंद्रांतील नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी, तर फेरतपासणीस येणाऱ्यांची संख्या ४६ टक्क्यांनी घटली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार त्रिगुणी लसीची पहिली मात्राही न मिळालेली बालके भारतात २०१९ साली सुमारे १४ लाख होती; २०२० साली ती सुमारे ३० लाख झाली. पुढे २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी व आसपासच्या वस्त्यांत गोवराचा उद्रेक झाला, त्यात लसीकरण अपुरे राहिलेल्या बालकांचे प्रमाण मोठे होते.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर लांबणीवर टाकलेली तपासणी रद्द होत नाही. ती थकबाकी म्हणून पुढे ओढली जाते आणि तिच्यावर व्याज चढते. ते व्याज कोण भरतो, हे वरील उदाहरणावरून ध्यानात यावे.

कोणती भेट थांबू शकते

साथीच्या काळात प्रत्येक भेट झालीच पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही. भेटींचे तीन गट करता येतात.

पहिला गट मुळीच न टाळण्याच्या भेटींचा. डायलिसिस, केमोथेरपी व रेडिएशनच्या ठरलेल्या फेऱ्या, क्षयरोगाची औषधे, गरोदर मातेच्या तपासण्या (विशेषतः अखेरच्या तीन महिन्यांतील), बालकांचे लसीकरण, शस्त्रक्रियेनंतरची पहिली तपासणी आणि मधुमेही रुग्णाच्या पायाची कोणतीही जखम, मग ती कितीही लहान असो. यांपैकी केमोथेरपीच्या वेळापत्रकात क्वचित बदल करता येतो. तो फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी करावा.

दुसरा गट दूरध्वनीवर विचारून ठरविण्याच्या भेटींचा. रक्तदाब वा मधुमेह आटोक्यात असलेला रुग्ण, घरच्या यंत्रावर नोंदी ठेवीत असेल, तर एखादी फेरी दूरध्वनीवर उरकता येते. थायरॉइड, दमा, संधिवात यांचेही तसेच.

तिसरा गट काही आठवडे थांबू शकणाऱ्या भेटींचा. चष्म्याचा नंबर, वार्षिक सर्वसाधारण तपासणी, दुखत नसलेल्या दाताचे काम इत्यादी.

भेट कोणत्या गटात मोडते, हे भीतीने अथवा शेजाऱ्यांच्या सल्ल्याने ठरवू नये. आपल्या डॉक्टरांना विचारावे. औषधे तर कोणत्याही परिस्थितीत मनाने बंद करू नयेत. २०२० च्या आरंभी रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे कोविड बळावतो, अशी शंका पसरली आणि काहींनी गोळ्या सोडल्या. हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांना त्या चालूच ठेवण्याचे आवाहन करावे लागले.

नियमित भेटीचे हे नियम तातडीच्या दुखण्याला लागू नाहीत. छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूस लुळेपणा येणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, झटके येणे, रक्तस्राव, पोटातील बाळाची हालचाल कमी जाणवणे, यांपैकी काहीही झाल्यास परवानगीची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा थेट रुग्णालयात यावे.

संसर्ग कसा होतो आणि खर्च कशावर करावा

२०२० च्या आरंभी सर्वांचा भर हात धुण्यावर आणि पृष्ठभाग पुसण्यावर होता. हाताची स्वच्छता आजही आवश्यकच आहे; साबणाने निदान २० सेकंद हात धुतल्यास विषाणूभोवतीचे चरबीचे आवरण विरघळते. परंतु कोविडचा विषाणू मुख्यतः श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांतून पसरतो आणि बंद खोलीत हे कण बराच वेळ तरंगत राहतात, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणजेच रुग्णालयातील सर्वांत जोखमीची जागा बहुधा डॉक्टरांची खोली नसून प्रतीक्षागृह असते.

येथे एक साधे गणित उपयोगी पडते. खोलीतील हवा ताशी १२ वेळा बदलत असेल, तर संसर्गित व्यक्ती निघून गेल्यावर हवेतील ९९ टक्के कण नाहीसे होण्यास सुमारे २३ मिनिटे लागतात. हवा ताशी दोनच वेळा बदलत असेल, तर त्यालाच सुमारे १३८ मिनिटे लागतात. खिडक्या बंद करून वातानुकूलन यंत्र लावलेली खोली गार होते. तिच्यातील हवा बदलतेच असे नाही.

देणगीदारांच्या माहितीसाठी एक गोष्ट येथे नमूद करणे आवश्यक वाटते. एप्रिल २०२० मध्ये आमच्या एका हितचिंतकांनी प्रवेशद्वारावर जंतुनाशक फवारणीचा बोगदा उभारून देण्याची तयारी दर्शविली होती. त्यांची तळमळ खरी होती. परंतु माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारणे निरुपयोगी तसेच अपायकारक असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच महिन्यात कळविले होते. आम्ही ही अडचण त्यांना समजावून सांगितली. त्यांच्या संमतीने त्या रकमेतून मोकळ्या जागेत पत्र्याची बसण्याची शेड, जुन्या प्रतीक्षागृहास समोरासमोर खिडक्या आणि हवा बाहेर फेकणारे पंखे झाले. या कामावर कोनशिला बसविण्यासारखे काही नाही. तरीही त्या वर्षातील सर्वांत उपयुक्त खर्चांपैकी तो एक होता, असे आमचे मत आहे. क्षयरोगासारख्या हवेतून पसरणाऱ्या आजारांपासूनही ती व्यवस्था आज रुग्णांचे रक्षण करीत आहे.

घरून निघण्यापूर्वी

ताप, खोकला, घसादुखी असल्यास, अथवा घरात कोणी तसे आजारी असल्यास, आधी दूरध्वनी करावा. भेट नाकारण्यासाठी ही विचारणा नसते. अशा रुग्णास वेगळ्या दाराने व वेगळ्या वेळी बोलावता येते.

दिलेल्या वेळेच्या फार आधी येऊ नये. पहाटेपासून नंबर लावून बसण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि त्या सवयीस आमची जुनी पद्धतच कारणीभूत होती. आता वेळ दूरध्वनीवरून दिली जाते. बाहेरगावच्या रुग्णांनी आपल्या एस.टी.ची वेळ अवश्य सांगावी, म्हणजे त्यानुसार वेळ देता येईल.

जुना केसपेपर, चालू औषधांची चिठ्ठी, शक्य तर औषधांची रिकामी पाकिटे आणि घरच्या नोंदींची वही सोबत घ्यावी. विचारावयाचे प्रश्न कागदावर लिहून आणावेत. यामुळे तपासणी पूर्ण होते आणि खोलीतील वेळ वाचतो. घरी निदान पंधरा दिवसांची औषधे शिल्लक राहतील, अशा बेताने पुढील भेट ठरवावी.

रुग्णालयात आल्यावर

मास्क नाक व तोंड झाकणारा आणि कडांना फट नसलेला असावा. चष्मा लावणाऱ्यांसाठी सोपी खूण म्हणजे, काचांवर वाफ येत असेल तर नाकापाशी फट आहे. झडप असलेला एन-९५ मास्क वापरू नये, कारण त्यातून बाहेर पडणारा श्वास गाळला जात नाही. बोलताना मास्क खाली ओढण्याची सवय कटाक्षाने टाळावी. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आमचे कर्मचारी लिहून देतील.

शक्यतो मोकळ्या शेडमध्ये बसावे. सॅनिटायझर वापरल्यास त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल असल्याची खात्री करावी. औषधे घेऊन झाल्यावर आवारात रेंगाळू नये.

एका रुग्णाबरोबर एकच नातेवाईक, या नियमामुळे अनेक कुटुंबे दुखावली, याची आम्हांस जाणीव आहे. आपल्याकडे आजारी माणसाला एकट्याने पाठविणे हे मायेच्या विरुद्ध मानले जाते. पण १०० रुग्णांसोबत प्रत्येकी तीन माणसे आली, तर त्याच खोलीत ४०० माणसांचा श्वास मिसळतो आणि त्यात एखादा केमोथेरपी घेणारा रुग्णही असतो. बालके, प्रसूतीसाठी आलेल्या माता आणि अखेरच्या अवस्थेतील रुग्ण यांच्या बाबतीत मात्र हा नियम केवळ नियम म्हणून राबविला जाऊ नये, अशा सूचना आम्ही दिल्या आहेत.

दूरध्वनीवरील सल्ला आणि त्याची मर्यादा

२५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यकाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि दूरध्वनीवरून सल्ला देण्यास निश्चित चौकट मिळाली. पुढे 'ई-संजीवनी' ही शासकीय सेवाही सुरू झाली. एस.टी. बंद असलेल्या महिन्यांत या सोयीने अनेक रुग्णांना सावरले. तरीही तिच्या मर्यादा ओळखाव्यात. दूरध्वनीवरून छातीचे ठोके ऐकता येत नाहीत, पायाची संवेदना तपासता येत नाही, गरोदर मातेचे पोट पाहता येत नाही. मादक द्रव्यविषयक कायद्याखाली येणारी औषधे अशा सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत. ज्यांच्याकडे साधाही दूरध्वनी नाही, त्यांच्यासाठी तर ही सोय नसल्यासारखीच आहे. म्हणून नोंदवहीतील जे रुग्ण ठरलेल्या तारखेस आले नाहीत, त्यांचा शोध गावातील आशाताईंमार्फत घेण्याची पद्धत आम्ही सुरू केली. ती साथ ओसरल्यावरही चालू ठेवली आहे.

समारोप

धर्मादाय रुग्णालयाकडे येणारा रुग्ण बहुधा आधीच संकोचलेला असतो. आपल्यामुळे कोणास त्रास नको, आपले दुखणे ते काय, अशी त्याची भावना असते. अशा माणसाला 'येऊ नका' असे सांगणे फार सोपे असते, कारण तो ते लगेच मानतो. २०२० साली आम्हांस मिळालेला धडा हाच आहे.

ती जुनी पाटी आम्ही टाकून दिलेली नाही. ती कार्यालयात ठेवली आहे. पुन्हा तशी वेळ आली तर लावण्यासाठी नवी पाटी तयार आहे. तिच्यावर न टाळण्याच्या भेटींची यादी मोठ्या अक्षरांत लिहिली आहे, खाली दूरध्वनी क्रमांकासाठी जागा आहे आणि शेवटी एक ओळ आहे : 'आपले दुखणे थांबण्यासारखे आहे की नाही, हे आम्हांस विचारल्याशिवाय परत जाऊ नये.'