लोकसंपर्क पथकांचे काम परिणामकारक कसे होईल?
(लेण्याद्री परिसरातील बिबट्याच्या प्रश्नाच्या अनुषंगाने)

लेण्याद्रीच्या पायथ्याशी कुकडी नदीचे खोरे पसरले आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत बागायत वाढली आणि तिच्याबरोबर उसाचे क्षेत्रही वाढले. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो. त्यात बिबट्याला दाट आडोसा व पाणी मिळते आणि वस्तीवरील कुत्री, शेळ्या व वासरे हे भक्ष्यही जवळच सापडते. मादी उसातच पिले घालते. त्यामुळे बिबट्या हा आता केवळ जंगलातील प्राणी राहिलेला नसून शेतकऱ्याच्या बांधावरचा शेजारी झाला आहे. ही स्थिती लोकांना समजावून सांगण्याचे काम वन विभाग, कृषी विभाग, पंचायत समिती व शाळा यांच्या कार्यकर्त्यांची पथके करीत असतात. त्यांच्या कामात सुधारणा कशी करता येईल, याचा येथे विचार केला आहे.

कामाचे माप कोणते?

किती पत्रके वाटली, किती सभा घेतल्या व किती फलक लावले, यांवरून पथकाचे काम मोजण्याची रीत आहे. हे माप अपुरे आहे. आज रात्री उसाला दारे धरण्यास निघालेल्या शेतकऱ्याला काय करावे हे ठाऊक आहे काय, आणि त्याने कचेरीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले काय, हेच खरे माप होय.

पुण्याचा जुना अनुभव

या बाबतीत आपल्याच भागातील एक प्रयोग मार्गदर्शक आहे. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने मराठी भाषिक जिल्ह्यांतील १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. प्रत्येक गावात सुमारे वीस जण आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत व नंतर त्यावर चर्चा करीत. त्यांचे प्रश्न व अभिप्राय केंद्राकडे जात आणि उत्तरे कार्यक्रमातून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडल्याचे तीत दिसून आले. रेडिओ होता पण मंडळ नव्हते, अशा गावांत ही भर त्या मानाने फारच थोडी होती. नुसते सांगितल्याने काम होत नाही. ऐकणाऱ्याला बोलू दिले व त्याला उत्तर दिले म्हणजे सांगणे रुजते, हा या प्रयोगाचा बोध आहे.

पिंजऱ्याच्या मागणीस उत्तर

बिबट्या दिसताच पिंजरा लावण्याची मागणी होते. लेकराबाळांच्या जिवाची काळजी असलेल्या माणसाची ही मागणी स्वाभाविक आहे. तिची हेटाळणी करू नये. मात्र, जुन्नर वन विभागाचा अनुभवही लोकांपुढे ठेवला पाहिजे. बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडण्याची मोठी मोहीम २००१ च्या सुमारास सुरू झाली. त्यापूर्वी माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षास सुमारे ४ होती. २००१ ते २००३ या काळात ती सुमारे १७ झाली, असे या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. सरसकट पकडून हलविण्याने धोका वाढू शकतो. माणसावर हल्ला करणाऱ्या जनावराचा बंदोबस्त करणे ही गोष्ट वेगळी आणि केवळ दिसलेले जनावर हलविणे वेगळी. हा फरक पथकाने शांतपणे व आकड्यांसह सांगावा. हल्ल्यानंतर लोक संतप्त असतात, तेव्हा तो कोणी ऐकून घेणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बळी गेल्यानंतर लोकांनी पुणे–नाशिक महामार्ग रोखला होता. म्हणून संपर्क संकटाच्या आधी, शांततेच्या काळात जोडावा.

कोणास, कोठे व केव्हा सांगावे?

ग्रामपंचायतीच्या कचेरीतील सभेस जे येतात, त्यांना धोका कमी असतो. ज्यांना धोका अधिक, ते सभेस येत नाहीत. सबब पथकानेच त्यांच्याकडे जावे.

१. ऊसतोड टोळ्या : गाळप हंगामाच्या आरंभीच मुकादमासह कोप्यांवर जाऊन माहिती द्यावी. मुले उघड्यावर झोपवू नयेत, उसाच्या कडेला एकटी सोडू नयेत. पिले आढळल्यास हात न लावता तोडणी थांबवून वन कर्मचाऱ्यांस कळवावे. मादी बहुधा रात्री पिलांकडे परत येते.

२. रात्री पाणी देणारे शेतकरी : एकट्याने जाऊ नये. विजेरी व काठी बाळगावी, मोठ्याने बोलत जावे. वाकून काम करणारा माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा भासू शकतो, हे आवर्जून सांगावे.

३. मेंढपाळ व गोठेवाले : गोठा वरून व बाजूंनी बंदिस्त असावा. मेलेली जनावरे व कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकू नये. तिच्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

४. स्त्रिया व विद्यार्थी : गवत कापणे, परसाकडे जाणे, शाळेची पाणंद या प्रसंगांविषयी स्वतंत्र बैठक घ्यावी. स्त्रियांच्या बैठकीस शक्यतो महिला कार्यकर्ती असावी.

नारायणगावचा बाजार आणि लेण्याद्री येथे चतुर्थीस होणारी गर्दी ही माहिती देण्याची चांगली ठिकाणे आहेत. भाषा मात्र कचेरीची नसावी. “मानव-वन्यजीव संघर्ष” या शब्दांनी वस्तीवरच्या म्हातारीला काही बोध होत नाही. ती बिबट्याला “वाघ”च म्हणते. तिच्याशी तिच्याच शब्दांत बोलावे.

अफवांचा बंदोबस्त

अफवा भ्रमणध्वनीवरून घटकेत गावभर पोहोचते. जुनी अथवा कृत्रिम चित्रेही खरी म्हणून फिरतात. यास उपाय एकच : प्रत्येक गावासाठी एक ठरलेला माणूस असावा व त्याने विनाविलंब बोलावे. पूर्ण माहिती नसेल तर “पाहणी चालू आहे, सायंकाळी सांगतो” असे म्हणावे आणि सायंकाळी खरोखरच सांगावे. वन व कृषी कर्मचाऱ्यांनी परस्परविरोधी माहिती देऊ नये. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक घरोघर माहीत करून द्यावा.

प्रश्नांची वही

प्रत्येक पथकाने एक वही ठेवावी. विचारलेला प्रश्न, तारीख, वस्ती, दिलेले उत्तर व उत्तराची तारीख एवढे रकाने पुरेत. नुकसानभरपाईचा पंचनामा रखडला असेल तर त्याचीही नोंद करावी. कारण भरपाई वेळेवर न मिळालेला शेतकरी पथकाचा उपदेश ऐकून घेणार नाही. महिन्याच्या शेवटी किती प्रश्न अनुत्तरित राहिले ते मोजावे व पुढील महिन्याचे काम तेथून सुरू करावे. दर हंगामात काही वस्त्यांवर जाऊन गोठे बंदिस्त झाले काय, लोक सोबतीने पाण्यावर जातात काय, हे प्रत्यक्ष पाहावे.

ऊस राहणार आणि बिबट्याही काही काळ राहणार, हे ओळखूनच आपल्याला वागावयाचे आहे. शेतकरी बंधुभगिनींनीही पथकाची वाट न पाहता आपले प्रश्न वहीत लिहवून घ्यावेत आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. पथकाचे काम सुधारण्याचा तो सर्वांत खात्रीचा उपाय होय.