नेत्रांतर्गत प्रतिजैव अंतःक्षेपण

डोळ्याच्या आतील जंतुसंसर्गावर प्रतिजैव औषध सुईने थेट नेत्रगोलात सोडण्याची उपचारपद्धती. ⇨मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, भेदक इजा किंवा रक्तावाटे आलेले जंतू यांमुळे अंतर्नेत्रशोथ होतो व उपचारास विलंब झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. रक्त व जालपटल यांमधील नैसर्गिक अडसरामुळे तोंडाने वा शिरेतून दिलेली बहुतेक प्रतिजैवे काचाभ द्रवात पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. म्हणून ती तेथेच सोडावी लागतात.

मात्रा : प्रौढाच्या डोळ्यात काचाभ द्रव सु. ४ मिलि. असतो व जालपटल त्याला लागूनच असते. जालपटलातील तंत्रिका कोशिका नष्ट झाल्यास पुन्हा निर्माण होत नाहीत. त्यामुळे जंतूंना मारक पण जालपटलास निरुपद्रवी अशीच मात्रा निवडावी लागते. अशा मात्रा प्रथम प्राण्यांच्या डोळ्यांवरील प्रयोगांत, विद्युत् जालपटलालेख व सूक्ष्मदर्शकीय तपासणी यांच्या साहाय्याने अजमावण्यात आल्या. सामान्यतः ग्रॅम-रंजक्षम जंतूंसाठी व्हँकोमायसीन १ मिग्रॅ. आणि ग्रॅम-अरंजक्षम जंतूंसाठी सेफ्टाझिडीम २.२५ मिग्रॅ., प्रत्येकी ०.१ मिलि. द्रवातून देतात. दोन्ही एकत्र केल्यास साका बनतो. म्हणून पिचकाऱ्या वेगळ्या ठेवतात.

विषाक्तता : जेंटामायसीन एके काळी बरेच वापरले जाई. परंतु त्यानंतर पीतबिंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडून मध्यवर्ती दृष्टी गेल्याची उदाहरणे १९८० नंतरच्या दशकात नोंदली गेली. त्यांपैकी काहींत मात्रा सुरक्षित मानलेलीच होती. उताण्या रुग्णाच्या डोळ्यात जड द्रावण पीतबिंदूवर साचत असावे, असे मानतात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, मोतीबिंदू-शस्त्रक्रियेच्या अखेरीस केवळ प्रतिबंधासाठी व्हँकोमायसीन डोळ्यात सोडण्याविरुद्ध इशारा दिला. त्यानंतर क्वचित रक्तस्रावी जालपटल-वाहिनीशोथ होतो.

दक्षता : ५०० मिग्रॅ. व्हँकोमायसीन १० मिलि. द्रवात विरघळविल्यास ०.१ मिलि. मध्ये ५ मिग्रॅ. येते, त्याचे आणखी पाचपट विरलन केल्यावरच योग्य मात्रा मिळते. ही दुसरी पायरी राहून गेल्यास जालपटलावर पाचपट औषध पडते. म्हणून विरलन लेखी कोष्टकानुसार करून दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घेतात. सुईचे तोंड जालपटलापासून दूर ठेवून औषध सावकाश सोडतात. संसर्ग प्रबळ असल्यास तो स्वतःच जालपटलाचा नाश करतो. त्यामुळे योग्य मात्रेतील औषधाचा धोका उपचार लांबविण्याच्या धोक्यापेक्षा पुष्कळच कमी असतो.