रजेचा अर्ज

स्वायत्त महाविद्यालयांबद्दल या आठवड्यात लिहीन असं म्हटलं होतं. ते आणखी एक आठवडा थांबू शकेल. गेल्या भागात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राची, कॉलेजातल्या शिक्षकांना पुन्हा पुन्हा बोलावणारी सहयोगी योजना सांगितली, त्यावर तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. योजना आवडल्याचं त्यांनी लिहिलं आहेच, पण खाली एकच प्रश्न आहे : "सर, प्राचार्य सोडतील का?"

विद्यापीठं आणि महाविद्यालयं यांनी हातात हात घालून काम करावं, असं सांगणारे अहवाल मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. त्यांत अभ्यासक्रम असतो, ग्रंथालय असतं, निधी तर असतोच असतो. रजा क्वचितच असते. आणि बहुतेक सहकार्यं अडतात ती रजेच्याच अर्जावर, असं माझं मत होऊन बसलं आहे. तेव्हा आजचा सगळा भाग रजेला.

सुरुवात लाहोरपासून करू. १९५१ साली भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम केंब्रिजहून परतले आणि लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पंचविशीतला तरुण, पण क्वांटम क्षेत्र सिद्धांतातल्या कामामुळे मोठमोठ्या लोकांना नावानं माहीत झालेला. प्राचार्यांनी सांगितलं की संशोधनाचं आता विसरा, कॉलेजचं एखादं काम अंगावर घ्या : वसतिगृह सांभाळा, हिशेब पाहा, नाहीतर फुटबॉल क्लबचं अध्यक्षपद घ्या. सलाम यांनी फुटबॉल निवडला. याच लाहोरच्या वर्षांत भौतिकशास्त्रज्ञ वुल्फगांग पाउली मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. त्यांनी सलाम यांना भेटायला बोलावलं. आपल्या विषयातलं बोलायला लाहोरात कुणी नाही आणि मुंबईत साक्षात पाउली! सलाम निघाले. परत गेल्यावर त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं, ते कॉलेजात नोकरी केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. परवानगी न घेता गैरहजर राहिल्याबद्दल खुलासा मागवला गेला.

१९५४ मध्ये ते केंब्रिजला परत गेले. देशात राहून विज्ञान करायचं तर एकटं पडायचं, आणि एकटं पडायचं नसेल तर देश सोडायचा, ही निवड कुणावर येऊ नये असं त्यांच्या मनानं घेतलं. १९६४ मध्ये इटलीत त्रिएस्तला त्यांनी आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र उभं केलं आणि तिथे सहयोगी योजना आणली. विकसनशील देशातल्या शास्त्रज्ञानं आपल्या विद्यापीठातच नोकरी करावी, मात्र ठरावीक वर्षांच्या मुदतीत पुन्हा पुन्हा त्रिएस्तला यावं, काही आठवडे राहावं, वाचावं, भांडावं आणि परत जावं. खर्च केंद्राचा. सलाम यांना १९७९ साली नोबेल मिळालं, पण मला विचाराल तर त्यांचं हे दुसरं काम तितक्याच तोलाचं आहे.

आता आयुकाची योजना याच्या शेजारी ठेवून पाहा. तीन वर्षांची मुदत, प्रवासखर्च, राहायला खोली, ग्रंथालय, सोबत आपला विद्यार्थी आणण्याची मुभा. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं हे केंद्र काढलं तेव्हा आयोगाचे अध्यक्ष यशपाल होते आणि संस्थापक संचालक जयंत नारळीकर. दोघेही टाटा संस्थेत काम केलेले. चांगल्या संस्थेत असणं म्हणजे काय आणि तिच्या फाटकाबाहेर असणं म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे या योजनेचा कणा खगोलशास्त्रात नाही, पुन्हा येण्यात आहे. लेकीनं माहेरी यावं तसं यायचं. आल्याचं कारण सांगावं लागत नाही आणि निघताना पुढच्या खेपेचं बोलणं होतं.

उलट बाजूला आपले ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे शिक्षकांचे प्रशिक्षणवर्ग. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. तेव्हा ओरिएंटेशन अठ्ठावीस दिवसांचं असायचं, रिफ्रेशर एकवीस दिवसांचं. पुढे त्यांची नावं बदलत गेली, पण शिक्षकांच्या तोंडी 'स्टाफ कॉलेज'च राहिलं. या वर्गांची टवाळी करणाऱ्यांतला मी नाही. दुपारच्या चहाला वेगवेगळ्या जिल्ह्यांतले चार शिक्षक एकत्र येतात आणि "तुमच्याकडे हे प्रॅक्टिकल कसं घेता हो?" असं विचारतात, तेवढ्यासाठीसुद्धा ते चालावेत. पण प्रमाणपत्र हातात पडलं की नातं संपतं. गंमत अशी की रजा मात्र यांनाच बिनबोभाट मिळते. पदोन्नतीला ते प्रमाणपत्र लागतं, हे प्राचार्यांनाही ठाऊक असतं, संस्थाचालकांनाही आणि सहसंचालक कार्यालयालाही. जिज्ञासेपोटी जाणाऱ्या शिक्षकाकडे मात्र सगळे संशयानं पाहतात. हा नक्की चाललाय कुठे?

नियम काय म्हणतो? आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार शिक्षकाला एका शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत ड्यूटी लीव्ह देता येते. ती ओरिएंटेशन-रिफ्रेशरला आहे, परिषदांना आहे आणि दुसऱ्या विद्यापीठात किंवा संस्थेत कामासाठी पाठवलं तर त्यालाही आहे. म्हणजे कागदावर वाट मोकळी आहे. पण 'देता येते' आणि 'मिळते' यांच्यामध्ये प्राचार्यांची केबिन आहे.

प्राचार्यांना खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांच्या खुर्चीत बसून पाहा. विभागात पूर्णवेळ शिक्षक दोन, त्यातला एक निवृत्तीला आलेला. रिक्त जागा भरायला परवानगी नाही. बाकीचे तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. एक माणूस तीन आठवडे गेला तर प्रॅक्टिकलच्या बॅच कुणी घ्यायच्या? सत्राच्या मधोमध विद्यार्थी केबिनबाहेर येऊन उभे राहिले की त्यांना आकाशगंगेचं कारण सांगून भागत नाही.

यावर तोडगा आयोगाकडेच होता. फॅकल्टी इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅममध्ये शिक्षक पीएच.डी.साठी गेला की त्याच्या जागी नेमलेल्या बदली शिक्षकाचा पगार आयोग द्यायचा. या योजनेतलं सर्वांत शहाणपणाचं कलम मला हेच वाटतं. संशोधकाला छात्रवृत्ती देणं सगळ्यांना सुचतं. त्याच्या पाठीमागे रिकाम्या राहिलेल्या वर्गाचा विचार करणारा एखादाच. पण ती सोय दीर्घ रजेसाठी होती. तीन आठवड्यांच्या फेरीला बदली शिक्षक कोण देणार?

आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं काय? त्यांना रजा हा प्रश्नच पडत नाही. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. आज कितीतरी कॉलेजांत पदवीचा मोठा भार यांच्याच खांद्यावर आहे. म्हणजे ज्यांचं शिकवणं सुधारावं म्हणून हा सारा खटाटोप, ते आधीच योजनेच्या बाहेर.

कुणी म्हणेल, सुट्टीत जा की. पूर्वी खरोखरच तसं चालायचं. परीक्षा वर्षातून एकदा, पेपर तपासून झाले की मे महिना मोकळा. सत्र पद्धत आली आणि परीक्षा वर्षातून दोनदा झाल्या. परीक्षा आल्या की कॅप येतं. केंद्रीय मूल्यांकनाला एकदा बसलं की सुट्टीचा बराच भाग उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत जातो.

इथे मला खरं काय खटकतं ते सांगतो. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं परीक्षेचं काम शिक्षकांना बंधनकारक केलं आहे. विद्यापीठाचं पत्र आलं की शिक्षकाला कॅपला जावंच लागतं, आणि प्राचार्यांना त्याला सोडावंच लागतं. तिथे वर्कलोड आड येत नाही, बॅच आड येत नाहीत. म्हणजे कॉलेजातला शिक्षक बोलावून घेण्याचा अधिकार विद्यापीठाकडे आहे आणि तो ते दर सत्राला वापरतं. तपासायला बोलावता येतं, तर शिकायला का नाही? विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग आणि जिल्ह्यातल्या कॉलेजांचे शिक्षक यांनी वर्षातला एक आठवडा एकत्र बसायचा, अभ्यासक्रमातला नवा भाग मिळून वाचायचा, प्रयोग हातानं करून पाहायचे, आणि त्या हजेरीला कॅपइतकंच वजन द्यायचं. यासाठी नवा निधी फारसा लागत नाही. परीक्षा विभाग काढतो तसं एक पत्र लागतं.

त्याऐवजी आपण करार करतो. नॅकच्या मूल्यांकनात सहकार्याला गुण आहेत, त्यामुळे सामंजस्य करारांच्या फायली जाड झाल्या. फोटोत दोन्हीकडचे प्रमुख, मध्ये फोल्डर, मागे बॅनर. नॅक फक्त करार मोजत नाही, त्याखाली काय घडलं तेही विचारते, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. मग उत्तरादाखल एखादं पाहुण्यांचं व्याख्यान दाखवलं जातं. करारात 'दर वर्षी आमच्या दोन शिक्षकांना इतके दिवस कर्तव्य रजेवर सोडू' अशी ओळ घातलेली मी अजून पाहिली नाही. कुणी पाहिली असेल तर नक्कल पाठवा, या लेखमालेत तिच्यावर आनंदानं लिहीन.

आता पत्रलेखक सरांना. सलग महिना मागू नका, नाही म्हणणं प्राचार्यांना फार सोपं जातं. आधी दिवाळीच्या सुट्टीला जोडून आठवडाभराची एक फेरी मागा. अर्जात संशोधन हा शब्द खाली ठेवा. वर लिहा की तृतीय वर्षाचा अमुक घटक शिकवण्याच्या तयारीसाठी जात आहे आणि परत आल्यावर विद्यार्थ्यांकडून तमुक प्रकल्प करून घेईन. यजमान संस्थेचं पत्र जोडा. आणि विभागातल्या सहकाऱ्याशी आधी बोला : यंदा तुमच्या बॅच ते घेतील, पुढच्या वर्षी त्यांच्या तुम्ही. तसं दोघांच्या सहीनिशी लिहून दिलंत तर प्राचार्यांना निदान हरकत शोधावी लागेल.

स्वायत्त महाविद्यालयं पुढच्या आठवड्यात. तिथे परीक्षा कॉलेजच्याच हातात असते, त्यामुळे हा रजेचा गुंता सुटतो की वाढतो, तेही तेव्हाच पाहू.