पन्नास कोयनांचं पाणी

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी घरांत हिवाळा लागला की टाहोचे बेत शिजू लागतात. मुलांचं स्कीचं शिक्षण, भाड्याचे बूट, टायरांना बांधायच्या साखळ्या, घाटात बर्फ किती पडलंय याची चौकशी. भारतातून आलेल्या आईबाबांना गोंडोलात बसवून वर नेलं जातं. ‘हेवनली’ स्की रिसॉर्टचा हा गोंडोला ३.९ किलोमीटर चढून जातो आणि खाली निळंशार लेक टाहो दिसतं. सौंदर्य तिथे डोळ्यांना पुरेपूर दिसतं, पण तळ्याचा खरा आवाका कळायला आकडेच लागतात.

३५ किलोमीटर लांबी आणि १९ किलोमीटर रुंदी नजरेत मावते. खोली मावत नाही. सर्वांत खोल जागी ती ५०१ मीटर आहे. तिथे ३३० मीटरचा आयफेल टॉवर उभा सोडला, तर त्याच्या टोकावर आणखी १७० मीटर पाणी उरेल. तळं समुद्रसपाटीपासून १,८९७ मीटर उंचीवर असूनही त्याचा तळ इतका खाली गेलाय, की डोंगरापलीकडच्या खोऱ्यातलं कार्सन सिटी हे शहरही त्या तळाहून उंचावर आहे.

आता पाणी. सुमारे १५० घन किलोमीटर. धरणाचं पाणी आपण टीएमसीत मोजतो, त्या मापाने हे ५,३०० टीएमसीच्या आसपास भरतं. कोयना धरण काठोकाठ भरलं की वर्तमानपत्रांत मथळा येतो, तेव्हा त्यात १०५ टीएमसी असतं. म्हणजे टाहोत पन्नास कोयना आहेत! एवढं पाणी साठवायला कुणी भिंत घातली नव्हती. साधारण वीस लाख वर्षांपूर्वी जमीन भेगाळली, मधला पट्टा खाली बसला, दोन्ही बाजूंचे डोंगर वर उचलले गेले आणि त्या खड्ड्यात पाणी साचत गेलं.

भिंत पुढे आली, तळ्याकाठच्या टाहो सिटीला. १९१३ साली पुरी झालेलं, १८ फूट उंचीचं, १७ दरवाजांचं ते धरण तळ्यातलं फक्त वरचं सहा फूट पाणी हाताळतं. एकूण साठ्याच्या मानाने हे पाणी एक टक्काही नाही, तरी ते ३२ टीएमसी होतं, कोयनेच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. सगळ्या हिशेबात मला सर्वांत थक्क करतं ते हेच.

भोवतालचे डोंगर बर्फाने झाकले गेले तरी तळं गोठत नाही. पृष्ठभागावरचं पाणी थंड झालं की जड होऊन खाली जातं, खालचं त्याहून उबदार पाणी वर येतं. एवढ्या खोल साठ्यातली ऊब संपायला एक हिवाळा पुरत नाही.

बर्फ तरी किती? जवळच डोनर खिंडीत १९४६ पासून बर्फाची नोंद ठेवणारी प्रयोगशाळा आहे. तिथे रोज एका फळीवर साचलेल्या ताज्या बर्फाची उंची मोजून फळी पुसतात, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं बर्फ वेगळं मोजता येतं. २०२२-२३ च्या हंगामात या रोजच्या नोंदींची बेरीज ७५४ इंच झाली, १९ मीटरच्या वर. १९५१-५२ चा विक्रम त्याहून मोठा, ८१२ इंचांचा. त्याच हिवाळ्यात, जानेवारी १९५२ मध्ये, या घाटात ‘सिटी ऑफ सान फ्रान्सिस्को’ ही रेल्वेगाडी बर्फात रुतली आणि सव्वादोनशे माणसं तीन दिवस अडकून पडली.

या बर्फाचं वितळलेलं पाणी ६३ ओढ्या-नद्यांनी तळ्यात येतं. बाहेर पडायला वाट एकच, ट्रकी नदी. काही पाण्याची वाफ होते. उरलेल्याला नदीवाटे बाहेर पडायला सरासरी ६५० वर्षं लागतात. त्या हिशेबाने आज ट्रकीत उतरणारं पाणी तळ्यात आलं, तेव्हा आपल्याकडे बहमनी राजवट होती.

तळ्यात आलेलं काही लवकर बाहेर जात नाही, आणि म्हणूनच मला काळजी वाटते ती धुळीची. १९६८ पासून डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे शास्त्रज्ञ ताटलीएवढी पांढरी चकती पाण्यात सोडतात आणि ती दिसेनाशी होईपर्यंतची खोली लिहून ठेवतात. पहिल्या वर्षी सरासरी ३१ मीटर भरली. अलीकडच्या वर्षांत ती वीस मीटरच्या आसपास असते. मुख्य कारण म्हणजे मिलिमीटरच्या साठाव्या भागाहूनही बारीक कण. ते उजेड विखुरतात आणि लवकर तळाशी बसत नाहीत. यांतले बहुतेक कण वस्ती आणि रस्त्यांवरून वाहून येतात. गाड्या घसरू नयेत म्हणून बर्फाळ रस्त्यावर टाकलेली वाळू टायरांखाली दळली जाते, वितळत्या बर्फाबरोबर ओढ्यात जाते. पाण्याची वाफ झाली तरी कण मागेच राहतात.

पन्नास कोयनांचं पाणी गढूळ करायला असा कण पुरतो, आणि तो आपल्याही चाकाखाली तयार होतो. तेव्हा या हिवाळ्यात टाहोला जाणार असाल, तर मुक्कामी पोचल्यावर गाडी उभी करून ठेवा आणि स्कीच्या उतारापर्यंत बसने जा.