बेघरांचा विश्वचषक आणि पत्त्याचा प्रश्न

मंडळी, जगात ‘होमलेस वर्ल्ड कप’ नावाची एक फुटबॉल स्पर्धा भरते. बेघर माणसांची, बेघर माणसांसाठी. आज तिच्याविषयी बोलायचं आहे. हे ऐकून कुणाला वाटेल, जुन्नर-आंबेगावच्या माणसांना त्याचं काय? तिकडे येतो मी, पण जरा वळसा घालून.

२००१ साली दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला एक परिषद भरली होती. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांची. ही वर्तमानपत्रं बेघर माणसं विकतात आणि त्यातून त्यांना दोन पैसे मिळतात. त्या परिषदेला आलेले स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हॅराल्ड श्मीड बोलत बसले असताना, सगळ्या देशांतल्या बेघरांना एकत्र कसं आणायचं, हा विषय निघाला. भाषा वेगवेगळ्या. मग सगळ्यांना कळेल अशी भाषा कोणती, तर फुटबॉल! २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात पहिली स्पर्धा झाली, अठरा देश आले. पुढे एडिंबरा, केपटाऊन, रिओ, मेक्सिको सिटी अशी ती फिरत राहिली. करोनात तीन वर्षं बंद पडली, पण २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२४ साली सोलला भरली तेव्हा ती पहिल्यांदाच आशियात आली.

आता खेळ कसा असतो बघा. मैदान २२ मीटर लांब, १६ मीटर रुंद. म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात आरामात बसेल. एका वेळी मैदानात चार जण, त्यातला एक गोलरक्षक. चार राखीव. सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. चौदा मिनिटांत खेळ खलास. भोवती कठडा असतो, त्यामुळे चेंडू फारसा बाहेर जात नाही आणि खेळ थांबत नाही. ज्याने वर्षानुवर्षं पोटभर खाल्लेलं नाही, झोप घेतलेली नाही, त्याला नव्वद मिनिटं कसं पळवणार? हा आकार त्याच्या फुप्फुसाचं माप घेऊन ठरवल्यासारखा आहे.

पण माझ्यासारख्या तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं लक्ष अडतं ते दुसऱ्याच दोन नियमांपाशी.

पहिला नियम : खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. फक्त एकदा. गतवर्षी पाच गोल करणारा पोरगा यंदा चालत नाही. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही स्पर्धेत हा वेडेपणा ठरेल, कारण तिथे अनुभवी खेळाडू हे संघाचं भांडवल असतं. इथे संयोजकाला दरवर्षी शून्यातून संघ उभा करावा लागतो. का? उलट करून बघा. समजा, पुन्हा पुन्हा खेळता आलं असतं. मग संघात टिकायचं तर बेघर राहणं आलं! दहा वर्षं फुटपाथवर काढलेला माणूस हा संघाचा हुकमी एक्का झाला असता. स्पर्धा ज्या दुःखासाठी भरवायची, तेच दुःख तिला जपावं लागलं असतं. आपल्याकडच्या कितीतरी कल्याणकारी योजना नेमक्या इथे फसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. दाखला टिकवायचा म्हणून दारिद्र्य टिकवणारी माणसं आपण पाहिली आहेत, आणि त्यात दोष त्या माणसांचा नसतो.

दुसरा नियम असा की, कुठलाही संघ पहिल्या दोन दिवसांत हरून घरी जात नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर संघांची ताकदीप्रमाणे वाटणी होते आणि प्रत्येक गटाला आपापला चषक असतो. शेवटच्या दिवसापर्यंत सगळे खेळतात. ‘बाद’ हा शब्दच बेघर माणसाच्या बाबतीत किती क्रूर आहे, बघा. रेशन कार्डातून बाद, मतदार यादीतून बाद, आणि आता इथेही?

बर्नार्ड सूट्स नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. खेळ म्हणजे काय, यावर त्याने १९७८ साली एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो. खेळात आपण नसलेले अडथळे आपखुशीने ओढवून घेतो. चेंडू हाताने उचलून जाळ्यात टाकणं किती सोपं! पण आपण ठरवतो की हात लावायचा नाही. आता ज्याचं सगळं आयुष्यच अडथळ्यांचं आहे, आणि त्यातला एकही त्याने निवडलेला नाही, त्याच्यासाठी या व्याख्येचा अर्थ काय होतो? दिवसाकाठी चौदा मिनिटं का होईना, समोरचा अडथळा त्याने स्वतः कबूल केलेला असतो. आणि तोच नियम समोरच्यालाही लागू असतो. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

हे सगळं परदेशातलं झालं. महाराष्ट्रातलं नाव घ्यायचं तर नागपूरचं घ्यावं लागतं. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीतली मुलं एक फुटकी बादली पायाने तुडवत खेळताना पाहिली. त्यांनी मुलांना चेंडू दिला. त्यातून २००१ च्या सुमारास ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झालं आणि पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. २०१० साली रिओला गेलेल्या भारतीय संघाचा कर्णधार याच मुशीतून आलेला होता आणि पुढे तो स्वतः मुलांना शिकवू लागला. २०१६ साली ‘फिफा’ने या संस्थेला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. बारसे यांच्या कामावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ मध्ये आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो अमिताभ बच्चन यांच्यासाठी पाहिला असेल.

मी मात्र त्याच्या उत्तरार्धाकडे बोट दाखवीन. मुलं निवडली गेली, आता परदेशात जायचं. आणि चित्रपट मैदानावरून उठून सरकारी कचेऱ्यांत जातो. पासपोर्ट! रिंकू राजगुरू यांनी जी आदिवासी मुलगी साकारली आहे, तिचा बाप ‘ही कोण आहे’ एवढं सिद्ध करणारा कागद मिळवायला या दारातून त्या दारात फिरतो. काही प्रेक्षकांना हा भाग लांबलेला वाटला. मला तर सिनेमाचा गाभाच तिथे दिसतो.

कारण अशा स्पर्धेच्या संयोजनात सगळ्यात अवघड काम हेच आहे. चेंडू मिळतो, मैदान मिळतं, विमानाच्या तिकिटाला देणगीदारही मिळतो. पण पासपोर्टच्या अर्जात ‘सध्याचा पत्ता’ असा रकाना असतो. त्याचा पुरावा लागतो. मग त्या पत्त्यावर पोलीस चौकशीला येतात. आता ज्याच्या नावाने स्पर्धा आहे तो बेघर, आणि स्पर्धेला जायची पहिली अट घराचा पत्ता! पासपोर्ट झाला तर पुढे व्हिसा. त्यात विचारतात, तुम्ही परत याल याची खात्री काय? घर आहे? नोकरी आहे? जमीन आहे? २००५ ची स्पर्धा मुळात न्यूयॉर्कला व्हायची होती. व्हिसाच्याच अडचणीपायी ती एडिंबराला न्यावी लागली. म्हणजे हा घोळ काही फक्त आपल्याच कचेऱ्यांचा नाही.

आता बेघर कोणाला म्हणायचं? स्पर्धेचा नियम सांगतो की, ज्या त्या देशाची व्याख्या धरावी. आपली व्याख्या जनगणनेत आहे. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली. भारतात १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून थोडे अधिक. उघड्यावर, फुटपाथवर, पुलाखाली, मोठ्या पाइपांत, फलाटावर, देवळाच्या ओसरीवर झोपणारे ते बेघर. जनगणनेतलं ‘घर’ म्हणजे स्वतंत्र दार असलेली वास्तू. या हिशेबाने झोपडपट्टीतला मुलगा बेघर ठरतोच असं नाही.

ती फेब्रुवारीची रात्र म्हणजे आपल्याकडे ऐन गळिताचा हंगाम. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांचे तळ पडलेले असतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली, गावाकडच्या घराला कुलूप, म्हातारी माणसं मागे, पोरं बरोबर. राहायला कोपी. कोपीला पाचटाचं किंवा ताडपत्रीचं छप्पर असतं, कागदोपत्री ती घर ठरूही शकते. दार मात्र नसतं. आणि आपल्या भागात दार नसणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायचं? उसात बिबट्या आहे. कोपीत झोपलेलं लेकरू आणि बाहेरचा अंधार यांच्यात फार तर एक साडी लावलेली असते. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, ते असायलाच हवं. पण शहरातल्या बेघरांसाठी जी सरकारी निवारा योजना आहे, ती नावातच ‘शहरी’ आहे. उसाच्या फडातला माणूस ना शहरी, ना बेघर.

आणखी एक. आंबेगाव तालुका म्हणतो आपण, पण ज्या गावावरून हे नाव पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. कचेऱ्या घोडेगावला, बाजारपेठ मंचरला, आणि नाव बुडालेल्या गावाचं. त्या धरणाच्या पाण्यावर खाली शेतं पिकली, ऊस वाढला, आणि ऊस तोडायला दुसरी माणसं घर सोडून इथे आली. एकाचं घर कायमचं गेलं, दुसऱ्याचं दरवर्षी सहा महिन्यांसाठी जातं. ही दोन्ही माणसं जनगणनेच्या त्या आकड्यात शोधून सापडायची नाहीत.

म्हणून मी म्हणतो, अशी स्पर्धा इथे भरवावी. आंतरराष्ट्रीय नको. तळातळावरचे संघ, एका संघात आठ जण. मूळ स्पर्धेत वयाची किमान अट सोळा वर्षांची आहे, आपणही ती पाळावी. त्याहून लहान मुलांसाठी साखरशाळा चालते का, ते आधी बघू. नियम तेच ठेवायचे, कुणी बाद नाही. आणि नावनोंदणीच्या टेबलावर चेंडूइतकाच कागदही ठेवायचा. आधार आहे का, जन्मदाखला आहे का, ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठीचं ओळखपत्र मूळ गावच्या ग्रामसेवकाने दिलंय का? नसेल तर तिथेच अर्ज भरून घ्यायचा आणि त्याचा पाठपुरावा आपण करायचा. नागपूरच्या मुलांना जे विमानतळाच्या दारात उभं राहिल्यावर करावं लागलं, ते इथे पहिल्याच दिवशी व्हावं.

[श्रोत्यांतून प्रश्न : पण सर, चार दिवसांचं कौतुक होऊन माणूस परत त्याच कोपीत जाणार. उपयोग काय?]

प्रश्न रास्त आहे आणि मूळ स्पर्धेलाही तो विचारला जातो. आठवडाभर राष्ट्रगीत, झेंडा, टाळ्या, आणि मग परतीचं विमान. काही जण परत जाऊन कोसळतातही. नुसती स्पर्धा भरवणाऱ्याकडे याला उत्तर नाही. वर्षभर सराव चालवणाऱ्याकडे थोडंफार आहे, आणि नागपूरचं काम टिकलं ते त्या सरावावर. आपली अडचण जास्त बिकट आहे, कारण आपला खेळाडू एप्रिलपर्यंत निघून जातो. सराव करायचा तर तो त्याच्या गावीही चालला पाहिजे, म्हणजे बीड-पाथर्डीकडच्या कुणाशी तरी आपल्याला आधी बोलावं लागेल. ती जोडणी झाल्याशिवाय चषक विकत आणू नये.

[प्रश्न : बायका खेळतील?]

मूळ स्पर्धेत २००८ पासून बायकांचा वेगळा चषक आहे. मेलबर्नला तो सुरू झाला. इथे अडचण वेळेची. पहाटे फडात, दुपारी मोळ्या, संध्याकाळी चूल, रात्री कधी गाडी भरायला पुन्हा बोलावणं. पुरुष सामना खेळेल तेव्हा पोरं कोण सांभाळणार, आणि बाई खेळेल तेव्हा कोण, हे आधी ठरवा. कारखान्याचं गाळप काही कारणाने बंद असेल तो दिवस धरा. आणि सामने उजेडातच संपवा, तळावर परतायची वाट उसातून जाते.